अजिंठ्याचा निळा कसा ओळखतात?

फर्दापूरच्या फाट्याजवळ, अजिंठ्याला जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथे, दगड विकणारे बसलेले असतात. फोडलेला काळा दगड, आत पोकळी, पोकळीत पांढरे किंवा गुलाबीसर स्फटिक. तसा एक तुकडा माझ्या टेबलावर आहे. बघणाऱ्याचं लक्ष आधी स्फटिकांकडे जातं. पण काळा दगड संपून स्फटिक सुरू होतात त्या सांध्यावर एक पातळ, मातकट हिरवी साल आहे. ओलं बोट तिच्यावर घासलं की बोटाला हिरवट लागतं.

ती साल म्हणजे सेलाडोनाइट नावाचं खनिज. आपले डोंगर ज्या लाव्ह्याचे बनले त्यात वायूचे बुडबुडे अडकले होते. लाव्हा थिजल्यावर पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाणी झिरपत राहिल्याने त्यांच्या आतल्या बाजूला असं हिरवं अस्तर धरलं. चित्रकार ज्याला 'हिरवी माती' म्हणतात ती याच जातीची. लेण्यातली केळीची पानं, झाडांची गर्दी, त्यांतला हिरवा या मातीच्या कुळातला आहे.

बाकीचे रंगही ओळखीचेच. लाल म्हणजे गेरू, तुळशीवृंदावनाला लावतात तो. पिवळा म्हणजे पिवडी. काळा म्हणजे दिव्याची काजळी. पांढऱ्यासाठी चुना, जिप्सम किंवा शाडूसारखी पांढरी माती. वाघूर नदीच्या त्या वळणावर काम करणाऱ्या चिताऱ्याला यातल्या बहुतेक गोष्टींसाठी फार लांब जावं लागलं नसणार. अपवाद एकच, निळा. तो लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा आहे, आणि लाजवर्दाची जुनी मोठी खाण अफगाणिस्तानात बदख्शानमध्ये आहे, सर-इ-संग नावाच्या ठिकाणी. सरळ रेघ ओढली तरी अजिंठ्यापासून सुमारे १,८०० किलोमीटर.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या टप्प्यातल्या चित्रांत, म्हणजे नवव्या आणि दहाव्या लेण्यात, हा निळा जवळजवळ दिसत नाही. पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात जी लेणी रंगली, त्यांत तो येतो. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छताकडे मान वर करून पाहा, सापडेल.

हे सगळं कळतं कसं? निळा दिसतो म्हणून तो लाजवर्दच, असं कुणी कसं म्हणावं? ओळखण्याची ती रीत आज सांगतो. एकदा ती कळली की लेण्यात उभं राहिल्यावर नजर वेगळ्या ठिकाणी जाते.

आधी एक फरक ध्यानात घेऊ. रंग ही डोळ्याला दिसणारी गोष्ट, रंगद्रव्य ही हाताला लागणारी. एकच निळा पाच वेगळ्या पदार्थांपासून मिळू शकतो. अझुराइट हे तांब्याचं खनिज आहे. 'इजिप्शियन निळा' हा माणसाने भट्टीत केलेला, त्यातही तांबंच. स्माल्ट म्हणजे कोबाल्ट घातलेल्या काचेची पूड. नीळ झाडाच्या पानांतून निघते. आणि लाजवर्द दगडातून. भिंतीवर हे पाचही शेजारी शेजारी लावले तर तयार नजरेलासुद्धा खात्रीने वेगळे सांगता येणार नाहीत, त्यातून वर दीड हजार वर्षांची धूळ, धूर आणि वार्निश असेल तर विचारूच नका.

पहिली तपासणी भिंतीला न खरवडता होते. ड्रिल मशीनसारखं दिसणारं, हातात धरायचं एक यंत्र असतं. त्याला एक्सआरएफ म्हणतात. ते भिंतीवर क्ष-किरण सोडतं. अणूच्या आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन त्या माऱ्याने बाहेर फेकला जातो, वरच्या कक्षेतला दुसरा त्याच्या जागी येतो, आणि येताना उरलेली ऊर्जा क्ष-किरणाच्याच रूपात सोडतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. लोखंडाची ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तांब्याची ८ च्या जरा वर. यंत्राच्या पडद्यावर उंचवटे उमटतात, आणि समोर कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते काही सेकंदांत कळतं.

आता हिरव्यावर यंत्र धरलं आणि तांबं दिसलं नाही, लोखंड आणि पोटॅशियम मात्र दिसलं, तर मॅलाकाइट किंवा जंगाल हे तांब्याचे हिरवे बाद. हिरवी माती असण्याची शक्यता बळावली. इथवर सोपं आहे.

पण लाल रंगावर यंत्र धरून 'लोखंड आलं, म्हणजे गेरू' असं म्हणून मोकळं होता येत नाही. क्ष-किरण रंगाच्या थराशी थांबत नाहीत, मागच्या गिलाव्यात शिरतात. अजिंठ्याचा गिलावा मातीचा, मातीत लोखंड. मागचा कातळ बसाल्ट, त्यातही लोखंड. म्हणजे भिंतीवर कुठेही यंत्र लावा, लोखंड येणारच. म्हणून रंग उडालेल्या, नुसत्या गिलाव्याच्या जागेवर वेगळं माप घ्यावं लागतं, मग पांढऱ्यावर घ्यावं लागतं, आणि लालमध्ये त्याहून किती जास्त भरतं ते पाहावं लागतं. या कामातली निम्मी मेहनत अशा तुलनेतच जाते, आणि माझ्या मते खरी विद्या तीच आहे. यंत्र विकत आणता येतं. कोणत्या दोन जागा एकमेकींशी ताडून पाहायच्या, हे भिंतीसमोर दिवसेंदिवस उभं राहिल्यावरच उमगतं.

निळ्यावर हे यंत्र आणखी अडतं. लाजवर्दात सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक अशी हलकी मूलद्रव्यं असतात. त्यांचे किरण इतके दुबळे की वाटेतली हवाच ते गिळून टाकते, आणि जे पोचतात ते गिलाव्यातल्या मातीचेही असू शकतात. झाडाच्या निळीत तर धातू नसतोच. त्यामुळे निळ्यावर यंत्र धरल्यावर तांबं नाही, कोबाल्ट नाही, एवढंच हाती लागतं. अझुराइट, इजिप्शियन निळा आणि स्माल्ट गेले. लाजवर्द की नीळ, हा प्रश्न तसाच राहिला.

तिथे प्रकाशाची मदत घेतात. पांढरा उजेड रंगावर टाकायचा आणि परत येणाऱ्या उजेडातला कोणता भाग कमी झालाय ते मोजायचं. लाजवर्द ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी उजेड गिळतो. नीळ ६६० च्या आसपासचा लाल गिळते. डोळ्याला दोन्ही निळेच, पण परतलेल्या उजेडाच्या आलेखातला खड्डा वेगळ्या जागी पडतो.

पक्की खात्री मात्र रामन वर्णपटाने होते. हे नाव चंद्रशेखर वेंकट रामन यांचं. २८ फेब्रुवारी १९२८ ला कलकत्त्यात त्यांना जो शोध लागला, ज्याच्यासाठी आपण दरवर्षी विज्ञान दिन पाळतो, तोच शोध इथे रोजच्या कामाला येतो. लेसरचा एकाच रंगाचा उजेड कणावर टाकला की बहुतेक उजेड तसाच परततो. पण कोटीत एखादा प्रकाशकण रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन, म्हणजे रंग किंचित बदलून परततो. तो बदल आकड्यात मोजतात, आणि तो रेणूची बांधणी सांगतो. लाजवर्दाची खूण ५४८ या आकड्याशी उभी राहते. गेरूमधल्या हेमॅटाइटच्या खुणा २२५, २९२ आणि ४११ च्या आसपास. या कामातल्या माणसांना हे आकडे आपल्या गल्लीतल्या घरांच्या नंबरांसारखे पाठ असतात.

ही ५४८ ची खूण कशाची, ते सांगायचा मोह आवरत नाही. लाजवर्द निळा दिसतो तो गंधकामुळे. गंधक पिवळा, हे आपण शाळेत शिकलो. पण इथे गंधकाचे तीन अणू एकत्र, एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन, ॲल्युमिनियम-सिलिकॉन-ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात बंद झालेले असतात. असं त्रिकूट उघड्यावर टिकत नाही, पिंजऱ्यात मात्र शतकानुशतकं टिकतं. आणि ते निळं असतं.

या पिंजऱ्याची एक कमजोरी आहे. आम्ल लागलं की तो मोडतो. गंधक वायू होऊन निघून जातो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि निळा रंग डोळ्यांसमोर फिका पडून नाहीसा होतो. जुने रसायनज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली एका कणावर आम्लाचा थेंब टाकून लाजवर्द असाच ओळखत. आता विचार करा. चित्रावरचा चुनखडीचा पांढरा थर काढायला कुणी सौम्य आम्ल वापरायचं ठरवलं आणि त्या जागचा निळा नेमका लाजवर्दाचा निघाला, तर दीड हजार वर्षं टिकलेला रंग एका दुपारीत जाईल. म्हणून मला रंगद्रव्याची ओळख महत्त्वाची वाटते. चित्र किती मोलाचं हे सांगायला तिची गरज नाही. त्याला काय लावायचं नाही, हे कळण्यासाठी आहे.

आपल्या घरातला एक धागाही इथे जुळतो. पांढऱ्या कपड्यांना घालायची निळीची पूड आठवते? आजीच्या बादलीत पुरचुंडी बुडवायची, पाण्यात निळे ढग उठायचे. नाव नीळ, पण पुढच्या काळात त्या पुरचुंडीत झाडाची नीळ नसायची, कृत्रिम लाजवर्द असायचा. १८२८ साली फ्रान्समध्ये ज्याँ बाप्तिस्त गिमे यांना तो कारखान्यात करायची रीत काढल्याबद्दल बक्षीस मिळालं. केओलिन नावाची पांढरी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजायचे. बदख्शानच्या खाणीतून उंटावरून आलेला आणि कपड्यांना घालायचा, दोन्हींत निळेपणा देणारं गंधकाचं त्रिकूट एकच.

मग भिंतीवरचा निळा पाचव्या शतकातला की एकोणिसाव्यात कुणी डागडुजी करताना लावलेला, हे कसं कळणार? रामनची खूण तर दोन्हींची एकच. इथे यंत्रापेक्षा सूक्ष्मदर्शक कामाला येतो. खाणीतला दगड कुटून, वाटून, धुऊन काढलेला असतो. त्याचे कण कोनदार, लहान-मोठे, आणि सोबत दगडातले बाकीचे सोबती, कॅल्साइटचे पांढरे कण, क्वचित पायराइटची चमक. कारखान्यातले कण बारीक, गोलसर, एकसारखे. खाणीतला दगड फार बारीक वाटला तर राखाडी पडतो, म्हणून जुन्या चितारी लोकांना तो जाडसरच ठेवावा लागे. तो जाडसरपणा आजही दिसतो.

अशा तारखा दुसऱ्या रंगांनाही आहेत. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला. टायटॅनियमचा पांढरा रंग विसाव्या शतकातला. पेशवाईतल्या एखाद्या वाड्याच्या भिंतीवर, समजा मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यासारख्या ठिकाणी, हा टायटॅनियमचा पांढरा सापडला तर तो हात पेशवाईतला नाही, हे ठरतं. उलटं मात्र ठरत नाही. गेरू काल लावला काय आणि दोन हजार वर्षांपूर्वी लावला काय, गेरूच.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायला नमुना घ्यावा लागतो. तो रव्याच्या कणाहून लहान असतो, आणि चांगल्या भागातून घेत नाहीत. आधीच तडा गेलेला असतो, पोपडा सुटलेला असतो, त्याच्या कडेवरून सुईच्या टोकाने उचलतात. मग पारदर्शक रेझिनच्या छोट्या ठोकळ्यात तो बसवतात, आणि ठोकळा घासून त्याचा आडवा छेद काढतात. बर्फीच्या वडीला बाजूने पाहावं तसे थर दिसतात. सगळ्यात खाली जाड गिलावा. माती, वाळू, भाताचं तूस, गवताचे तंतू. त्यावर बारीक गिलावा. त्यावर अंड्याच्या टरफलाएवढा पांढरा थर. त्यावर रंग, कधी एक थर, कधी दोन. आणि सर्वांत वर एक पिवळट, काचेसारखी पट्टी.

ही पट्टी अजिंठ्याच्या चित्रांचा भाग नाही. ती लाखेची आहे. १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस लेणी पडल्यावर पुढे नकला काढायला माणसं आली. रॉबर्ट गिल आले, नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. चित्रं उठून दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींना वार्निश लागलं. मग १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने लोरेंझो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन जाणकारांना बोलावलं. सुटणारे पोपडे त्यांनी परत बसवले, आणि वर लाखेचं रोगण दिलं. त्यांनी पोपडे बसवले नसते तर आज बरंच काही भिंतीवर राहिलं नसतं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण लाख काळाबरोबर पिवळी पडते, मग तपकिरी होते. पांढऱ्यावर पिवळा पडदा आला की पांढरा पिवळट दिसतो. आणि निळ्यावर पिवळा पडदा आला की?

हिरवा दिसतो. अजिंठ्यात जिथे हिरवट आभाळ किंवा हिरवट कापड दिसतं, तिथे क्षणभर थांबा. ती फर्दापूरच्या दगडातली हिरवी माती असेल, किंवा पिवळ्या लाखेखालचा लाजवर्द. डोळ्याला सांगता येणार नाही. तिथे लाख आहे की नाही, हे अतिनील दिवा मात्र लगेच सांगतो, कारण त्या उजेडात लाख नारिंगी चमकते. अंधारात दिवा फिरवला की कुठे रोगण आहे, कुठे नाही, कुठे ब्रश थांबला, कुठे ओघळ गेला, सगळं भिंतीवर उमटतं.

लाख म्हटल्यावर ती काढायची कशी हेही ठरतं. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. चित्रातला रंग धरून ठेवणारा सरस अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, पाण्यात मात्र फुगतो आणि सुटतो. म्हणजे पाण्याचा बोळा फिरवला तर चित्र जाईल आणि लाख राहील. अल्कोहोलचा फिरवला तर लाख जाईल आणि चित्र राहील. प्रत्यक्षात हे इतकं सरळ नसतं. शंभर वर्षांची लाख घट्ट होते, सहजी विरघळत नाही, आणि निघताना रंगाचा कण सोबत नेऊ शकते. म्हणून नखाएवढ्या जागेवर आधी करून बघतात, कापसाच्या बोळ्याला रंग लागला का ते तपासतात, मगच पुढे सरकतात.

सरसाचा उल्लेख आलाच आहे, तर एक गैरसमज दूर करतो. अजिंठ्याच्या चित्रांना 'फ्रेस्को' म्हणायची सवय सर्रास आहे. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. अजिंठ्यात गिलावा मातीचा, तो वाळल्यावर वर पांढरा थर, आणि रंग सरसात किंवा डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून लावलेला. या रीतीला टेंपेरा म्हणतात. १९३० च्या दशकात एस. परमशिवन या रसायनज्ञांनी इथल्या गिलाव्याचा आणि रंगांचा अभ्यास करून हेच दाखवलं. फरक नुसत्या नावाचा नाही. फ्रेस्को ओलावा सोसतो, टेंपेरा सोसत नाही. तूस, गवत आणि सरस किड्यांना खायला आवडतात, चुना आवडत नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर ओल आणि किडे एवढे धोक्याचे का, याचं उत्तर या एका ओळखीत आहे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिळाल्याचं २०१६ मध्ये मॅनेजर सिंग आणि मिलिंद सरदेसाई या संशोधकांनी प्रसिद्ध केलं होतं. तिथल्या गिलाव्याला किडीचा त्रास कमी, त्याचं एक कारण ते तंतू असावेत असं त्यांचं म्हणणं.

रंग कशात कालवला हे शोधणं सगळ्यात अवघड, कारण चिकट द्रव्य अगदी थोडं असतं आणि काळाने बदललेलं असतं. पण कधी कधी ते इतिहासच हलवून टाकतं. अफगाणिस्तानात बामियानच्या बुद्धमूर्ती २००१ मध्ये उडवल्या गेल्या. त्यांच्या मागच्या गुहांतल्या चित्रांचे तुकडे फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, तपासले, तेव्हा काही थरांत सुकणारी तेलं सापडली. सातव्या शतकाच्या आसपासची तैलचित्रं! युरोपात तैलरंगाची परंपरा सांगतात त्याच्या कित्येक शतकं आधीची. २००८ मध्ये हे जाहीर झालं.

एक प्रयोग घरी करण्यासारखा आहे. चमचाभर पिवडी जुन्या तव्यावर कोरडीच भाजा. काही मिनिटांत ती विटकरी लाल होते. पिवडीतल्या खनिजात पाणी बांधलेलं असतं, ते सुमारे २५० ते ३०० अंशांना निघून जातं आणि उरतो तो गेरूमधला हेमॅटाइट. आता समजा, लेण्यात पूर्वी कुणी चूल पेटवली होती, आणि चुलीजवळच्या भिंतीवर लाल पट्टा आहे. तो चिताऱ्याने लालच लावला होता, की पिवळा लावला होता आणि आगीने लाल केला? आडव्या छेदात पाहिलं तर कळू शकतं. आगीने केलेला लाल बहुधा वरच्या बाजूला गडद असतो आणि खाली, गिलाव्याकडे, पिवळा उरलेला सापडतो.

लाख काढायच्या आधी घेतलेला नमुना म्हणूनच जपून ठेवतात. लाख गेल्यावर वरचा थर गेला, धुरकट पट्टी गेली, कोणता हात कोणत्या क्रमाने फिरला याचा पुरावा गेला. भिंतीवर ते परत मिळत नाही. मिळतं ते फक्त त्या ठोकळ्यात. नखाएवढं रेझिन, मध्ये रव्याच्या कणाहून लहान ठिपका, कडेला शाईने लिहिलेला क्रमांक आणि भिंतीवरची नेमकी जागा. उद्या याहून बारीक मोजणारं यंत्र आलं की तोच ठोकळा पुन्हा घासायचा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. भिंतीला हात न लावता.